जुळलेल्या ताळेबंदाची भीती

काल सकाळी विभागाच्या जिन्यात ओल्या वाळ्याचा वास आला. वरच्या मजल्यावर माणसं कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवत होती. कोणीतरी पंप चालू करून पाहिला असणार, कारण तो वास हळूहळू जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत उतरला. नागपुरात या वासानं माणसांना बरं वाटतं. उन्हाळा आला, पण आता सोय झाली, असा त्याचा अर्थ. मी कठड्याला धरून थांबले. मागून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ का? ऊन लागलं काय तुम्हाला?"

ऊन अजून वर यायचं होतं. मी तिला नको म्हणाले, तिला पुढे जाऊ दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला भीती वाटली होती. ही भीती दरवर्षी याच दिवसांत येते. पूर्वी ती आली की संध्याकाळी सावनेरला फोन करता यायचा. मॅडमच्या बहिणीनं फोन उचलला की मी एवढंच विचारायची, "आज कशा आहेत?" आणि ती सांगायची, जेवल्या, अंगणात बसल्या, आज बोलल्या, आज नाही बोलल्या. या थंडीत मॅडम गेल्या. हा पहिला एप्रिल, ज्यात विचारायला काही उरलेलं नाही. तरी भीती वेळेवर आली.

मॅडम म्हणजे माझ्या गाईड. विद्यापीठाच्या वाणिज्य विभागात त्या लेखाशास्त्र शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग तासिका तत्त्वावरची शिक्षिका आणि त्याच वेळी त्यांच्याकडे पीएचडी करणारी. आज ज्या खोलीत माझं टेबल आहे ती त्यांची खोली. विभागात सगळे त्यांना मॅडमच म्हणत; फक्त विभागप्रमुख त्यांना 'सुमनताई' म्हणत, आणि तेही काही काम टाळायचं असेल तेव्हा. वर्गात त्या नीट, छापील म्हणावी अशी मराठी बोलत. वर्गाबाहेर पाऊल पडलं की सावनेरची बोली. मला पहिल्यांदा "काहून वं, तोंड काहून पाडून बसली?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझा संशोधनाचा आराखडा समितीनं परत पाठवला होता. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली आणि समितीच्या शेऱ्यांचा कागद वाचायला घेतला.

मॅडमच्या निवृत्तीच्या उन्हाळ्यातल्या गोष्टी मला क्रमानं आठवत नाहीत. आठवतो तो उजेड. परीक्षेआधीचे उजळणीचे तास सकाळी लवकर ठेवलेले असत, म्हणजे दुपार चढायच्या आत मुलं घरी पोचावीत. चेहऱ्याला दुपट्टे बांधलेल्या मुली स्कूटीवरून यायच्या आणि पार्किंगमध्ये दुपट्टे सोडले की एकेक चेहरा उघडा पडायचा. कडुनिंब फुललेले असायचे; त्यांचा बारीक पांढरा सडा गाड्यांच्या सीटवर पडलेला असायचा आणि तास संपेपर्यंत त्याच सीटा हात लावता येऊ नये इतक्या तापायच्या. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या आम्ही लावून घ्यायचो. वर्गात अंधार, ट्यूबलाइट आणि कूलरची घरघर. त्या घरघरीवर आवाज चढवून मॅडम शिकवायच्या. दमट हवेनं खडू मऊ व्हायचा आणि फळ्यावर जाड उमटायचा. मी शेवटच्या बाकावर बसायची. मला ते सगळं येत होतं, तरी बसायची. काही माणसं रोज देवळात जातात, त्यांनाही आत काय आहे ते माहीत असतंच.

मॅडम हातात कागद न घेता शिकवत. गणित त्यांनीच रचलेलं असायचं आणि ते डोक्यात असायचं. आकडे लिहीत जायच्या, डावी बाजू, उजवी बाजू, आणि शेवटी दोन्ही बेरजा समोरासमोर सारख्या यायच्या. ताळेबंद जुळला की वर्गात एक हलकासा सुस्कारा उमटतो. लेखाशास्त्र न शिकलेल्या माणसाला तो समजावून सांगणं कठीण आहे. पान पान भरून केलेल्या कामाला त्या एका क्षणी कोणीतरी होकार दिला असं वाटतं.

एका सकाळी तो सुस्कारा आला नाही. बेरजा वेगळ्या आल्या. असं कोणाचंही होतं, पण मॅडमचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या फळ्यापासून दोन पावलं मागे झाल्या आणि बघत राहिल्या. मधल्या रांगेत दिनेश नावाचा खापा गावचा मुलगा होता, विभागातल्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करणारा. तो म्हणाला, "मॅडम, फरक सस्पेन्सले टाकून द्या ना. मार्चएंडले सगळे तसंच करतात."

वर्ग हसला. चूक सापडेपर्यंत फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून ठेवायची, ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या घरी टाक सस्पेन्सला. माझ्या फळ्यावर नाही." आणि मग म्हणाल्या, "उद्या बघू."

मला त्या दोन शब्दांनी अस्वस्थ केलं. चूक शोधल्याशिवाय तास सोडायचा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मुलं बाहेर गेल्यावर मी फळा नीट वाचला. वरचं अर्धं गणित एक होतं आणि खालचं अर्धं दुसरं. दोन्ही त्यांचीच गणितं. दोन्ही मी त्यांच्याकडून शिकलेली. मध्येच कुठेतरी, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना, त्या एका गणितातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरल्या होत्या. दोन्ही गणितं तोंडपाठ असलेल्या माणसालाच अशी चूक करता येते. नवख्याला ती जमायची नाही. मी फळा पुसला. शिपाई पुसतो, तरी मी पुसला.

भीतीची सुरुवात तिथे झाली, पण तेव्हा ती लहान होती. उन्हाचा त्रास असेल, मी स्वतःला म्हटलं. मेअखेर त्यांची निवृत्ती होती, कागदपत्रांची धावपळ चालू होती. मेच्या सुरुवातीला माझी मौखिकी, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, होती आणि माझ्या प्रबंधाचं काम त्यांच्याच डोक्यावर होतं. माणूस थकतं.

प्रबंध भातगिरण्यांवर होता. कुहीकडच्या राइस मिलांमध्ये खेळतं भांडवल वर्षभर कसं फिरतं, असा विषय. हंगामात धान येऊन पडतं, पैसा धानात अडकतो, तांदूळ विकला जाईल तसा सुटतो. मॅडम माझ्याबरोबर दोनदा मिलवर आल्या होत्या. कोंड्याच्या धुरळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर नाकाला लावून बसल्या होत्या. एका मिलच्या दिवाणजींनी आमचे सगळे प्रश्न संपेपर्यंत दम धरला आणि मग विचारलं, "मॅडम, तांदूळ आम्ही काढतो, उधाऱ्या आम्ही वसूल करतो, अन् डॉक्टर ह्या बाई होऊन राहिल्या. हे कसं?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही या ना विद्यापीठात. तासिकेचे पैसे सहा महिन्यांनी भेटतात. उधारीची सवय आहेच तुम्हाले." दिवाणजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

परत आल्यावर मी तक्ते केले. सुंदर आले. मिल जितकी मोठी, तितका साठा लवकर हलतो. एकही आकडा वाकडा नाही. मी ते मोठ्या आनंदानं मॅडमपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, तक्ता जवळ घेतला आणि म्हणाल्या, "फार गोड दिसून राहिला हा तक्ता. मले मुंग्या दिसतात याच्यात." त्यांनी मला पुन्हा कुहीला पाठवलं. मिलवाल्यांनी साठ्याचे आकडे दिले होते खरे, पण काहींनी ते नवीन धान यायच्या आधीचे दिले होते आणि काहींनी नंतरचे. मी दोन्ही एकाच रकान्यात बसवले होते. आधीचं आणि नंतरचं एकत्र झालं, म्हणून निकाल एवढा देखणा दिसत होता. मॅडमनी ते पुन्हा मिलवर न जाता, नुसत्या कागदावरून ओळखलं. ते त्या उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी. आता मी त्यांच्याविषयीचं काहीही आठवू लागले की आधी हेच तपासते, हे आधीचं की नंतरचं. पुष्कळ गोष्टींच्या बाबतीत मला ठरवता येत नाही. भाकर पुढे सरकवणारा हात आधीचा. पण एका दुपारी त्यांनी मला दोनदा चहा विचारला होता आणि मी दोन्ही वेळा घेतला होता, ते कधीचं?

मग तो तास आला ज्याची मला अजून भीती वाटते. त्या दिवशी गणित जुळलं.

एकत्रित ताळेबंदाचं प्रकरण होतं. एक मोठी कंपनी वर्षाच्या मध्यावर एका लहान कंपनीचे बरेचसे शेअर विकत घेते आणि वर्षअखेरीला दोघींचा मिळून एक ताळेबंद करायचा असतो. लहान कंपनीनं वर्षभर नफा कमावलेला असतो. त्यातला खरेदीच्या दिवसाआधीचा नफा मोठीची कमाई नव्हे. जी वस्तू तिनं विकत घेतली, त्या वस्तूतच तो आलेला असतो, म्हणून तो खरेदीच्या किमतीतून वजा होतो. खरेदीनंतरचा जो असेल तो तिचा. सगळी मेख त्या एका दिवसात असते. आणि हा दिवस विसरून कोणी वर्षभराचा नफा नंतरचाच धरला, तर एक विचित्र गोष्ट होते. एका बाजूला नावलौकिकाची रक्कम, म्हणजे त्या वजाबाकीनंतर उरलेली जादा किंमत, जेवढी फुगते, तेवढाच दुसऱ्या बाजूला नफा फुगतो. दोन्ही बेरजा चुकतात आणि दोन्ही सारख्या येतात.

मॅडमनी खरेदीचा दिवस फळ्यावर स्वतः लिहिला होता. मोठ्या अक्षरांत, खाली रेघ मारून. आणि गणित सोडवताना मॅडम त्या दिवसाजवळून सरळ पुढे गेल्या. त्यांच्या दुसऱ्या गणितात खरेदी वर्षाच्या पहिल्याच दिवशी होती. तिथे नफ्याची विभागणीच करायची नसते. मॅडम त्या दुसऱ्या गणितात होत्या. हात भराभर चालत होता, आवाज स्वच्छ होता, मधूनच एका मुलीला त्यांनी झोप आली का म्हणून विचारलं. शेवटी बेरजा मांडल्या. जुळल्या. वर्गातून तो सुस्कारा आला. दिनेश म्हणाला, "आज सस्पेन्सची सुट्टी," आणि मॅडम त्याच्याकडे बघून इतक्या मोकळ्या हसल्या की मला मागच्या बाकावर थंडी वाजली.

मुलं उतरवून घेत होती. पेनांचा आवाज कूलरच्या आवाजातूनही मला ऐकू येत होता. मी बोलू शकले असते. शिक्षिका होते मीही. पण कूलरच्या समोर त्या उभ्या होत्या, पदरानं मानेवरचा घाम पुसत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मागच्या वेळचं ओझं उतरल्याचं समाधान होतं.  त्यांच्या गणितात कोणी चूक शोधणार नव्हतं. मॅडमचं म्हणजे बरोबर, अशी विभागात रीतच होती. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या झेरॉक्स दुकानात मिळायच्या. परीक्षा जवळ होती. एकत्रित ताळेबंद पेपरात येणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळा वर्ग तो आता अशाच रीतीनं सोडवणार होता.

हे मला कोणाजवळ बोलता येईना. विभागप्रमुखांना सांगितलं असतं तर त्यांनी फार सौजन्यानं काम केलं असतं. सुमनताईंना आराम हवा आहे म्हणाले असते, रजेचा अर्ज पुढे केला असता, आणि निरोप समारंभाला सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं असतं. मुलांना सांगितलं असतं तर दुपारपर्यंत ते सगळ्या विद्यापीठात झालं असतं. नाही सांगितलं तर मुलांचे गुण जाणार होते. त्या दिवशी मी घरी जाताना दोन चौक चुकले. नेहमीचा रस्ता. उन्हात गाडी बाजूला घेऊन मी उभी राहिले आणि मनात आलं, हे मलाही होऊन राहिलं की काय. तेव्हापासून ते मनात आहे. आजही एखादा शब्द पटकन सुचला नाही की मला तेच वाटतं. परवा बाजारात मला अंबाडीचं नाव आठवेना. भाजीवाली म्हणाली, "सांगा ना ताई, बोट दाखवून सांगा." मी दुसरंच काही घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मॅडमच्या घरी गेले. त्या एकट्याच राहत. खिडकीतला कूलर, खाली पाण्याची बादली, टेबलावर कैरीच्या पन्ह्याचा जग. माझ्या पिशवीत एका विद्यार्थिनीच्या पानांची झेरॉक्स होती. मी ती बराच वेळ काढली नाही.

"तू काहीतरी लपवून राहिली," मॅडम म्हणाल्या. "मौखिकीची भीती वाटून राहिली का?"

"नाही मॅडम."

"मग खोटं बोलून राहिली. सगळ्याइले वाटते. मले तं उलटी झाली होती, बाहेरचे परीक्षक जिन्यात असताना. काढ, काय आणलं ते."

मी पानं दिली. त्यांनी ती सावकाश वाचली, बोट फिरवत. शेवटच्या बेरजांवर बोट थांबलं.

"जुळून तं राहिलं," त्या म्हणाल्या.

 त्यांनी पुन्हा वरून वाचलं. पुन्हा शेवटी आल्या, आणि या वेळी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न होता, आणि तो मला सहन झाला नाही. मी बोट पुढे करून खरेदीचा दिवस दाखवला. खाली रेघ मारलेला.

कूलरच्या ताटीवरून पाणी ठिबकत होतं. मॅडम त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "हे मी लिहून दिलं?"

"हो."

"वर्गात?"

"हो मॅडम."

त्यांनी पन्ह्याचा पेला उचलला, प्याल्या नाहीत, परत ठेवला. "नाही जुळलं असतं तं बरं झालं असतं वं," त्या म्हणाल्या. "मलेच समजलं असतं."

मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी बसून राहिले. भांड्यांचा आवाज नव्हता, नळाचा नव्हता. मला उठून आत जायची भीती वाटली. त्या परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदराची कड ओली होती.

मी म्हणाले, "मी मुलांना सांगते की उजळणीचं गणित माझं होतं. मी चुकीचं दिलं."

"तुझी मौखिकी पुढ्यात आहे. अन् तू चुकली म्हणून सांगशील?"

"मग विभागातून एक शुद्धिपत्रक लावू. कोणाचं नाव नको."

"फळ्यावर मी उभी होती. नोटीस बोर्ड नव्हता उभा." त्या खुर्चीवर बसल्या. "मले दिवाळीपासून समजून राहिलं आहे, वंदना. गॅस चालू राहते. ते जाऊ दे, सगळ्याइचाच राहते. पण एक दिवस मी विभागाच्या दाराशी उभी होती अन् मले समजेना, तास घेऊन आली का घ्यायला चालली. खडू हाताले लागला आहे का ते पाहिलं, तवा समजलं." त्यांनी तळवा उघडून बघितला, जणू आताही तिथे काही असेल. "म्हटलं, मेपर्यंत निघून जाईल. एवढंच पाहिजे होतं. शेवटच्या तासापर्यंत मले मॅडम म्हणावं लोकाइनं. दुसरं काय कमावलं मी?"

मी रडत होते. त्या रडत नव्हत्या. त्यांनी मला ते गणित समजावून सांगायला लावलं, सुरुवातीपासून. मध्ये दोनदा थांबवलं. शेवटी स्वतः करून दाखवलं आणि ते बरोबर आलं. "आता येते," त्या म्हणाल्या. "उद्या सांगतो मुलाइले. मीच सांगतो."

दारापर्यंत सोडायला आल्या. बाहेर लू वाहत होती. माझ्या डोक्यावर दुपट्टा नीट गुंडाळून दिला आणि ऊन लागू नये म्हणून पिशवीत एक कांदा टाकला.

माझ्या मौखिकीबद्दल मला फारसं आठवत नाही. ती झाली, मला पदवी मिळाली, मॅडम शेजारी बसल्या होत्या, परीक्षकांनी मिलांचे दोन प्रश्न विचारले. पुढे मी कायम झाले, त्यांच्या खोलीत आले. संशोधन करते, विद्यार्थी येतात, तक्ते आणतात. तक्ता चांगला दिसला की मी त्यांना परत पाठवते. ते कुरकुरतात. एक जण नुकताच म्हणाला, "मॅडम, बाकीचे गाईड रिझल्ट आला नाही तर रागावतात, तुम्ही आला तर रागावता." मला रागावता येत नाही. मी घाबरलेली असते. फळ्यावर ताळेबंद जुळला, वर्गातून तो सुस्कारा आला, की मी मुलांकडे पाठ करून उभी राहते आणि मनातल्या मनात पुन्हा पहिल्या ओळीला जाते. मुलांना वाटतं, मॅडम फार शिस्तीच्या.

मॅडमच्या घरी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तास मात्र मला नीट आठवतो. तो उजळणीचा शेवटचा तास होता. मी पहिल्या बाकावर बसले. दिनेशनं लगेच टोमणा मारला, "ताई, प्रमोशन का डिमोशन?" मॅडम आल्या. हजेरी घेतली नाही.

"मागच्या तासाचं गणित काढा," त्या म्हणाल्या. "ते चूक आहे."

पानं उलटली. मुलांनी बेरजा बघितल्या, एकमेकांच्या वह्यांत डोकावलं.

"मॅडम, जुळलं आहे ना पण," एक मुलगी म्हणाली.

"जुळलं आहे आणि चूक आहे. शोधा."

मुलं शोधू लागली. कॅल्क्युलेटर निघाले. कूलर घरघरत होता. बराच वेळ गेला आणि कोणालाच काही सापडेना, कारण मुलं बेरजा तपासत होती, आणि बेरजांमध्ये काहीच नव्हतं. शेवटी दिनेश म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमची गंमत करून राहिल्या. तुमचं गणित अन् चूक?"

"गंमत नाही. मी चुकले. हे असंच पेपरात लिहिलंत तर तुमचे मार्क जातील." त्यांचा आवाज वर्गातला होता, स्वच्छ. "तुम्ही माझं म्हणून तपासलं नाही. मीही माझं म्हणून तपासलं नाही."

 मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, झालं, निभावलं. त्या फळ्याकडे वळल्या. दोन कंपन्यांची नावं लिहिली. खरेदीचा दिवस लिहिला, खाली रेघ मारली. आणि खडू त्या रेघेच्या टोकाशी थांबला.

आदल्या दुपारी त्यांना ते येत होतं. माझ्यासमोर त्यांनी केलं होतं. खडू तिथेच होता. मागून त्यांच्या पोलक्यावरचा घामाचा डाग मला वाढताना दिसत होता. मुलांना वाटलं, मॅडम आपल्याला विचार करायला वेळ देत आहेत. कोणीतरी कुजबुजलं, "डेटमध्ये आहे काहीतरी, डेटमध्ये." मी बाकाची कड धरली होती. उठावं की नाही ते मला कळेना. उठले तर सगळ्यांना कळेल, आणि नाही उठले तर अजून किती वेळ तो खडू तसाच राहील.

मॅडम वळल्या. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला. "वंदना, तू सांग."

मी उठले आणि त्या माझ्या जागेवर बसल्या, पहिल्या बाकावर, मुलींच्या शेजारी. माझी वही पुढे ओढून घेतली, माझा पेन उचलला. मी फळ्यापाशी उभी राहून सांगू लागले. हा खरेदीचा दिवस. याच्या आधीचा नफा वेगळा काढायचा. माझा आवाज कूलरच्या वर जात नव्हता. मागून मुलं म्हणाली, "जोरात, ताई." मी जोरात सांगू लागले. नफ्याचे दोन भाग केले, एक भाग खरेदीच्या किमतीतून वजा केला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "हा इथून काहून काढला?"

वर्गात बोली कधी न बोलणाऱ्या मॅडमनी 'काहून' म्हटलं, म्हणून मुलं हसली. त्यांना वाटलं, मॅडम त्यांच्या वतीनं विचारत आहेत, नव्या शिक्षिकेला अडवत आहेत. "ताईंची मौखिकी इथंच सुरू झाली," दिनेश म्हणाला.

मी मॅडमकडे बघितलं. पेन वहीवर टेकलेला होता. भुवया जवळ आल्या होत्या. त्या डोळ्यांत मला अडवायचं काही नव्हतं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं, आणि पेपर जवळ आलेल्या कोणाही मुलीसारखं त्यांना ते माहीत करून घ्यायचं होतं.

मी पहिल्यापासून सांगितलं. एक लहान कंपनी असते. एक मोठी असते. एका दिवशी मोठी लहानला विकत घेते. त्या दिवसाच्या आधी जे कमावलं ते वेगळं, नंतर जे कमावलं ते वेगळं. सोप्या शब्दांत, हळू, कधीच काही न ऐकलेल्या माणसाला सांगावं तसं. सगळा वर्ग ऐकत होता. मॅडम मान पुढे करून ऐकत होत्या, आणि मधूनच माझ्या वहीत काहीतरी लिहीत होत्या.

"समजलं का, मॅडम?" मी विचारलं. मुलं पुन्हा हसली.

त्यांनी वहीकडे बघितलं, मग फळ्याकडे.

"पुन्हा एकदा सांग," त्या म्हणाल्या.

मी फळा पुसला आणि खरेदीचा दिवस पुन्हा लिहिला.